शंभरावी

प्रिय धाकटे,

अक्षर ओळखलंच असशील. तेव्हा पाकीट फाडून फेकण्याआधी एवढं वाच, की हे पत्र मी स्वखुशीने लिहीत नाहीये. गावसमितीने ठराव करून मला लिहायला लावलंय. ठराव एकमताने मंजूर झाला, म्हणजे माझं मत सोडून. ते अध्यक्षबाईंनी धरलंच नाही. म्हणाल्या, सख्ख्या बहिणीच्या बाबतीत तुझं डोकं ठिकाणावर नसतं. सात वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस आणि मीही तुला नाही, त्यामुळे आपल्या दोघींत जास्त हट्टी कोण हा गावातला जुना वाद अजून मिटलेला नाही. न्हावी म्हणतो तू, बाकी सगळे माझं नाव घेतात. तुझा पत्ता त्याच्याकडूनच मिळाला. तू त्याला वर्षातून दोनदा पत्र पाठवतेस हे मला ठाऊक आहे, कारण पोस्टात ते माझ्याच हातून जातं. उघडत नाही हो मी. नुसतं उलटंसुलटं करून बघते आणि देते.

तर मुद्दा असा, की आपली बस बंद होणार आहे. वरून नवा नियम आलाय. गावात शंभर माणसं असतील तरच बस येणार, नव्याण्णव असतील तर नाही. शंभराव्या माणसात असं काय असतं कोण जाणे, पण नियम आहे. बस गेली की बेकरीवाल्याचा मैदा गेला, नर्सबाईंची औषधं गेली, टपालाची थैली गेली. थैलीच नाही म्हटल्यावर पोस्ट कशाला हवं? मग तुझी बहीण रिकाम्या खिडकीमागे बसून माश्या मारणार. इथून बाहेर जायला आणि बाहेरून इथे यायला दुसरं काहीच नाही, हे तुला सांगायला नको.

याच महिन्याच्या तीन तारखेला शिरगणतीवाला आला. बारीक अंगाचा, गळ्यात पाण्याची बाटली, आणि चेहरा असा की आपण सगळ्यांनी मिळून त्याला फसवायला जन्म घेतलाय. खरं तर तोवर कुणाच्या मनातही नव्हतं. दहाच्या बसमधून उतरला तो पहिला आपल्या वेशीवरच्या पाटीपुढे उभा राहिला. ‘लोकसंख्या’ आणि खाली खिळ्यांना टांगलेले पत्र्याचे आकडे, एक, शून्य, शून्य. त्याला पाटीची सगळी रीत समजावून सांगावी लागली. आकडे पोस्टात बिस्किटांच्या डब्यात असतात. मूल झालं की बापाने शिडीवर चढून आकडा वाढवायचा. माणूस गेलं की घरातल्या थोरल्याने कमी करायचा. आणि गाव सोडून जाणाऱ्याने स्वतःचा आकडा स्वतःच्या हाताने उतरवायचा, खाली सगळ्यांबरोबर चहा प्यायचा, मग बसमध्ये बसायचं. दुसऱ्या कुणी त्याच्या वतीने हात लावायचा नाही. हे सगळं ऐकून त्याने विचारलं, हे कुठल्या कायद्यात आहे? अध्यक्षबाई म्हणाल्या, शिडीच्या.

त्याची अट एकच होती. प्रत्येक माणूस त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. आता तू तुझा आकडा न उतरवताच गेलीस, म्हणून पाटीवर शंभर असले तरी डोकी नव्याण्णव आहेत हे आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. तेवढ्यात न्हाव्याच्या डोक्यात कल्पना आली. त्याच्या कल्पना तुला माहीतच आहेत. मिशीवाल्या आजोबांना त्यांच्या घरी एकदा मोजून होऊ द्यायचं, शिरगणतीवाला शाळेकडे वळला की आजोबांची मिशी उतरवायची आणि त्यांना बेकरीवाल्याचे चुलते म्हणून बेकरीत बसवायचं. चाळीस वर्षांची मिशी, धाकटे! आजोबांनी गावासाठी तीही दिली. डोळे मिटून खुर्चीत बसले आणि न्हाव्याला म्हणाले, लवकर कर, मला बघवत नाही. मिशीखाली वरचा ओठ इतका गोरा निघाला की बेकरीवाल्याने पीठ चोळून बाकीचा चेहराच त्या रंगाचा केला. शिरगणतीवाल्याने बघितलं, नाव लिहिलं, खूण केली. सगळं जमलं होतं. पण त्याने जाता जाता सहज विचारलं, काका, तब्येत बरी ना? झालं! आजोबांनी सकाळी घरी सांगायला घेतलेली गुडघ्याची गोष्ट अर्धवट राहिली होती, ती ते जिथे थांबले होते तिथून पुढे सांगायला लागले. शिरगणतीवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, आजोबा, उजवा गुडघा आपला मघाशीच झाला होता, हा आता डावा ना? बेकरीवाल्याने कपाळावर हात मारून घेतला.

नव्याण्णव भरले. मग तो परत पाटीखाली आला आणि विचारलं, तुमच्या पाटीवर शंभर आहेत, मग हा शंभरावा माणूस कुठाय? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शंभरावी. माझी धाकटी बहीण, बाहेरगावी गेलीय. कधी गेली? मी म्हटलं, नुकतीच. त्याच क्षणी न्हावी म्हणाला, परवा, आणि अध्यक्षबाई म्हणाल्या, आजच सकाळी. त्याने पेनाचं टोपण लावलं. माणूस वाईट नाही, फक्त दमलेला आहे. म्हणाला, पंचवीस तारखेला दहाच्या बसने मी परत येतो. तोवर ती गावात राहायला आलेली दिसली तर शंभर लिहीन, नाहीतर नव्याण्णव. आणि पाटीही तेवढीच करून ठेवा.

म्हणून हे पत्र. पंचवीसच्या दहाच्या बसपर्यंत ये. एक दिवस पुरेल. त्याच्यापुढे उभी राहा, नाव सांग आणि चारच्या बसने हवं तर परत जा. माझ्याशी बोलायचीसुद्धा गरज नाही, न्हाव्याकडे जेव. त्याच्या हातच्या आमटीत केस निघाला तर तक्रार करू नकोस, त्याचा धंदाच तो आहे. घरी आलीस तर तुझ्या खोलीत मी काही ठेवलेलं नाही. म्हणजे शिलाई मशीन आहे, पण ते तुझंच आहे. महिन्याला तेल घालते, कारण गंज मला आवडत नाही, दुसरं काही नाही. तू गेल्यापासून गावात कपडे शिवणारं कुणी नाही. अध्यक्षबाईंचे ब्लाउज मी एकदा शिवले. त्या अजून उजवा हात खांद्याच्या वर नेत नाहीत, म्हणून हल्ली ठरावांना डाव्या हाताने मत देतात.

---

धाकटे, इथवर लिहिलं ते चार तारखेला. आज सव्वीस आहे, पाकीट फोडून पुढे लिहितेय. पत्र मी पाठवलंच नाही.

पाकीट चिकटवलं, पत्ता लिहिला, तिकीट लावलं, शिक्काही मारला आणि थैलीत टाकायच्या ऐवजी तिकिटांच्या खणात ठेवलं. त्याच खणात. खण उघडला की ते दिसायचं, म्हणून वर तिकिटांचे गठ्ठे रचले. आणि सगळ्या गावाला सांगितलं की पत्र गेलं. लोकांनी विश्वास ठेवला, कारण पोस्टातलं माणूस पत्राबद्दल खोटं कशाला बोलेल? फक्त न्हाव्याने एकदा मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वस्तरा परजायला लागला.

काल पंचवीस. सकाळी नऊपासून सगळं गाव बसथांब्यावर. अध्यक्षबाई नव्या साडीत, आजोबांच्या ओठावर तीन आठवड्यांची खुरटी मिशी. बेकरीवाला तेवढा नव्हता. बायकोच्या पोटात सकाळपासून दुखत होतं, पण दिवस भरायला अजून तीन आठवडे होते, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. शाळेतल्या बाईंनी मुलांना तुझ्या स्वागताचं गाणं शिकवलं होतं. त्यात तुझं नाव बारा वेळा होतं, मी मोजलं. आणि मी तिथे सगळ्यांच्या पुढे उभी, आणि त्या बसमधून कोण उतरणार नाही हे फक्त मलाच माहीत होतं. बस आली. मैद्याचं पोतं उतरलं. शिरगणतीवाला उतरला. मग कुणीच नाही. मुलांनी गाणं म्हणायला सुरुवात केली होती ती ‘ये गं ये’वरच अडकली. आजोबा गुडघे विसरून बसमध्ये चढले आणि सीटखाली वाकून बघून आले. अध्यक्षबाई मला समजावायला लागल्या, की असेल काहीतरी अडचण, इतकी काही ती कठोर नाही. सगळे तुला दोष देत होते आणि माझी कीव करत होते. ते मला सहन होईना. मी सांगायला तोंड उघडलं आणि समोरून नर्सबाई पदर खोचून पळत आल्या. बेकरीवाल्याच्या बायकोला मुलगी झाली होती.

शिरगणतीवाल्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतंच. तो बेकरीच्या मागच्या खोलीत गेला, मुलगी त्याच्या तोंडावर जीव खाऊन ओरडली, आणि त्याने वहीत शंभर लिहिलं. बाहेर आला तेव्हा पहिल्यांदाच हसला. बस राहिली, धाकटे. चालकाने आनंदाने इतका हॉर्न वाजवला की बाळ पुन्हा रडायला लागलं.

मग बेकरीवाला पिठाच्या हातांनी शिडी घेऊन पाटीपाशी गेला. त्याला एक, शून्य, एक लावायचे होते. शिरगणतीवाला म्हणाला, एकशे एक कसे? माझ्याकडे शंभर आहेत. बाळ धरायचं तर बहिणीचा आकडा काढा. अध्यक्षबाईसुद्धा हळूच म्हणाल्या, आता काढूया गं, सात वर्षं झाली. मी डब्यातून आकडा काढला, बेकरीवाल्याच्या हातात दिला आणि म्हटलं, साहेब, तुमची वही तुमची, आमची पाटी आमची. तिचा आकडा तिच्याशिवाय कुणी उतरवणार नाही. पाटीवर आता एकशे एक आहेत.

संध्याकाळी समितीपुढे मी कबूल केलं, की पत्र खणातच होतं. अध्यक्षबाईंनी एकही ठराव न करता वही मिटली. असं आजवर कधी झालं नव्हतं. आजोबा एवढंच म्हणाले, म्हणजे माझी मिशी फुकट गेली? आणि न्हावी म्हणाला, ताई, आता टाक ते पत्र.

का पाठवलं नाही ते सांगते. तू आली नसतीस तर सगळ्या गावादेखत माझं तोंड पडलं असतं, ही एक भीती. पण खरी भीती वेगळी होती. तू बससाठी आली असतीस, गावावर उपकार करून चारला परत गेली असतीस, आणि तू माझ्यासाठी कधी आली असतीस का, हे मला जन्मभर कळलं नसतं. सात वर्षांपूर्वी त्या नाटक कंपनीचं तुला कपडे शिवायच्या कामाचं बोलावणं आलं, ते मी एकोणीस दिवस खणात दाबून ठेवलं. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी तुझ्या हाताला लागलं नसतं तर पुढेही दिलं नसतं. तुला म्हटलं होतं की विसरले. विसरले नव्हते. रोज सकाळी खण उघडून बघत होते. तू गेलीस तर घरात मी एकटी उरेन, एवढाच विचार केला, तुझा केला नाही. माझं चुकलं, धाकटे. फार चुकलं. मला माफ कर. आता आकडा भरलाय, बस राहिलीय, गावाला तुझी काहीच गरज नाही. गरज आहे ती मला, आणि हे सांगायला मला शिरगणतीवाला लागला. आकडा उतरवायला ये किंवा राहू द्यायला ये, तुझी मर्जी, पण ये. शिडी न्हाव्याकडे आहे, तिसरी पायरी हलते, खालून मी धरीन. चारची बस आली, हॉर्न वाजतोय. हे पाकीट मी खिडकीतून न देता स्वतः बाहेर जाऊन थैलीत टाकणार आहे, आणि बस वळेपर्यंत तिथेच उभी राहणार आहे.

तुझीच,
अजूनही वाट बघणारी ताई