माझ्या हाडांतला कारखाना

१२ जानेवारी, रविवार

आईनं कांदे लपवले! कोचिंगच्या पोरांना पेशी कशी विभागते ते दाखवायचं म्हणून चार कांदे पाण्याच्या ग्लासांवर ठेवले होते — मुळ्या फुटायले. "भाजीले कांदा नाही, अन् हा त्यायले आंघोळ घालून राह्यला!" आता कांदे तांदळाच्या कोठीत. बारावीचं जीवशास्त्रही तिथंच.

मुळीच्या टोकाशी काय चालते? एकीच्या दोन, दोनाच्या चार. आधी आतल्या सगळ्या माहितीची नक्कल, मग वाटणी. इमानदारीचा धंदा आहे. पहिलीत चूक असली तर शेवटच्या पेशीतही तीच चूक, काना-मात्रेचा फरक नाही. माझ्या हाडांत सव्वीस वर्षं हेच सुरू आहे. मज्जेतल्या मूळ पेशी लाल पेशी बनवतात, अन् त्या जरा थंडी वाजली, जरा पाणी कमी पडलं, की वाकून विळा. मग जिथं-तिथं अडकतात. सिकलसेल. कारखाना चोवीस तास चालू, माल सगळा रिजेक्ट! बाबा तिरोडीच्या खाणीत तीस वर्षं होते. म्हणतात, असा कारखाना सरकारीच असन.

१८ जानेवारी, शनिवार

नागपूर. डॉक्टर चांगला माणूस आहे, हसत-हसत घाबरवतो. डिसेंबरात हे विळे फुप्फुसात अडकून श्वास कोंडला होता, तसं अजून एक-दोनदा झालं तर त्याच्या हातात काही नाही म्हणे. उपाय एकच. औषधानं माझी मज्जा पुसायची अन् दुसऱ्याच्या निरोगी मूळ पेशी शिरेतून आत सोडायच्या. त्या आपला पत्ता आपणच शोधत हाडात जातात, घर करतात, विभागायले लागतात. बालाघाटात नवीन आलेल्या माणसाले भाड्याची खोली मिळत नाही एवढ्या लवकर.

"सख्खे भाऊ-बहीण किती?"

एक. रचना. बावीस वर्षांची. पेशींच्या खुणा दहापैकी दहा जुळायची शक्यता चारात एक.

चारात एक! आई-बाबा दोघंही वाहक, म्हणून त्यांचं पोर आजारी निघायची शक्यताही चारात एकच होती. पहिल्याच बॉलवर मी. आमच्या घरचा नेम कधी चुकत नाही.

बाबांनी डॉक्टरले हळूच विचारलं, "माह्यं हाड नाही चालत काय?" मायबापाचं अर्धंच जुळतं, असं तो म्हणाला. गोंदिया येईपर्यंत बाबा खिडकीबाहेर पाहत होते.

फॉर्मवर मोबाईल नंबर भोजराज मामाचा. "घरात जबाबदार मानूस कोन?" असं आईच्या ह्या भावानं स्वतःच विचारलं अन् स्वतःच लिहिलं.

१९ जानेवारी

मामाची सभा. रचनाचं लग्न मे महिन्यात, राजेगावच्या धर्मेंद्रशी. मामा उभे राहून बोलले, माईक तेवढा नव्हता. "लग्न ठरलेली पोरगी! हाडं टोचली हे राजेगाववाल्याईले कळलं तं काय म्हनतीन? पोकळ पोरगी देल्ली म्हनतीन!"

मी मास्तरकी केली. सांगितलं, काही पोकळ होत नाही, महिनाभरात भरून येते. मूळ पेशीचं कामच ते. विभागते तेव्हा आपल्यासारखी एक मागं ठेवते, अन् दुसरीले कामाले धाडते. मूळ भांडवल... "हे तुह्या कोचिंगमधी सांग," मामा म्हणाले.

रचना दाराशी उभी होती. म्हणाली, "टेस्ट तं करून पाहू."

आई माझ्याकडे पाहते, बाबा जमिनीकडे. असं वजन मले सहन होत नाही. मी म्हटलं, "कर. पण तुह्यं रक्त अंगात गेल्यावर मी सिरियल पाहून रडायले लागलो तं जबाबदार कोण?" सगळे हसले. तीही हसली. सभा संपली, चहा झाला.

२ फेब्रुवारी

सॅम्पल दिलं. रचना सुईले भलतीच घाबरते. डोळे मिटून माझी बाही धरली होती. बाही अजून चुरगळलेली आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

मामा आले. चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "नाही जुळलं. दहापैकी पाच."

बरं. कागद दाखवा म्हणून मी म्हटलं नाही. कशाले म्हणू? आपला जीव आपण कोणाजवळ भीक म्हणून मागायचा नाही. आणि मामाच्या मोबाईलमध्ये काय असणार! रोज सकाळी गुलाबाची फुलं अन् शुभ सकाळ. तीही रचना पाठवून देते, त्याईले स्वतःले बटन सापडत नाही.

"चला, सिरियलपासून वाचलो," मी म्हटलं. आईनं पदर तोंडाले लावला. रचना घरी नव्हती, संध्याकाळी मामीकडून आली अन् सरळ आत गेली.

मी न्हाणीत गेलो. नळ पूर्ण सुरू केला. पुढचं लिहायचं नाही.

२० फेब्रुवारी

रचना वालाच्या शेंगा मोडत बसली होती. एकदम म्हणते, "दादा, समज जुळलं असतं. घेतलं असतं तू माह्यं?"

"तुह्यं? त्याहून कोल्ह्याचं बरं! जिंदगीभर ऐकवलं असतं तू, माह्या रक्तावर जगून राह्यला म्हणून."

हसली. म्हणाली, "हौ. बरोबर आहे." मग बराच वेळ शेंगा मोडत राहिली, मोडलेल्याही.

९ मार्च

कांदे मिळाले! रचनानं कोठीतून चोरून दिले, कोचिंगमध्ये चार दिवसांत मुळ्याही फुटल्या. तिचे उपकार विज्ञान विसरणार नाही.

मुळीचं टोक कापलं, रंगात बुडवलं, काचेखाली दाबलं. सूक्ष्मदर्शक एक, पोरं बावीस. प्रत्येकजण एक डोळा मिटून पाहतो अन् "हाँ सर, दिखा" म्हणतो. अर्ध्याईले स्वतःची पापणी दिसते. पण ज्याईले खरोखर दिसली, त्याईचं तोंड पाहण्यासारखं होतं. गुणसूत्रं मधातून दोन बाजूंनी ओढली जातात, जशी काही दोन मामांनी धरलेली.

पोरांच्या हिंदी माध्यमाच्या पुस्तकात विभागून होणाऱ्या पेशीले 'पुत्री कोशिका' म्हणतात. पुत्र कोशिका नाहीच. पोरगी झाली म्हणून कोणी नाक मुरडत नाही अशी एकच जागा सापडली मले, तीही सूक्ष्मदर्शकाखाली.

मग मूळ पेशी शिकवल्या. खुशी नावाची पोरगी पहिल्या बाकावर बसते, प्रश्नांची फॅक्टरी. "सर, देने वाले को दर्द होता है?"

"देने वाले से पूछो."

पोरं हसली. येताना पुलापर्यंत पायी गेलो. देणारीले मी तरी कुठं विचारलं होतं? टेस्टचा विषयही तिनंच काढला होता. असो! जुळलंच नाही, तर विचारायचं काय.

२५ एप्रिल

पत्रिका छापून आल्या. मामाचं नाव चार ठिकाणी. नवरीचं दोन.

११ मे, रविवार

लागलं लग्न. विहाराच्या मैदानात मांडव, पांढऱ्या साडीत रचना, समोर बुद्धाची मूर्ती अन् बाबासाहेबांचा फोटो. धर्मेंद्र बरा वाटला. घामानं भिजला होता तरी सगळ्यांच्या पाया पडत होता. चव्वेचाळीस डिग्री. राजेगाववाल्याईचा डीजे एवढा, की वंदना सुरू करायले भंतेजींनी तीनदा हात वर केला.

मी नाचलो. दहा मिनिटं! डॉक्टरनं मना केलं आहे म्हणूनच नाचलो. मामाही नाचले, माझ्यापासून दूर-दूर.

निघताना रचना गळ्यात पडली. कानात म्हणे, "कॅप्सूल घेत जाजो."

"हौ, मॅडम."

अजून काही म्हणत होती. मी म्हटलं, "चल, बस गाडीत, तुह्या मेकअपनं माह्या शर्टाची वाट लागून राह्यली."

आता घरात आवाज नाही. एक घरी राहते, एक निघते. पुस्तकात बरोबर लिहिलं आहे. वाईट वाटून राह्यलं, खूप.

१३ मे

कंबर ठणकते. मांड्याही. पाणी कमी प्यालो, दुसरं काय. आई म्हणे डीजे लागला.

१ जून, रविवार

नागपूर, खाट नंबर सात. उजव्या हाताले सलाईन आहे, म्हणून हे अक्षर डाव्याचं. कोंबडीनं लिहिलं तर याहून बरं लिहील.

छातीत पुन्हा तेच झालं. तीन दिवसांचं काहीच आठवत नाही. दुसऱ्याचं रक्त दोन पिशव्या चढवलं. गोल-गोल, शिस्तीच्या पेशी. पण त्या विभागत नाहीत. लाल पेशीले केंद्रकच नसते, नक्कल कशाची काढणार? चार महिने पाहुण्यासारख्या राहतात अन् मरतात. कारखाना जुनाच.

डॉक्टर आज हसले नाहीत. "तिसऱ्या वेळची गॅरंटी मी देत नाही, शेखर." आई बाहेर रडत होती ते मले ऐकू आलं.

भीती वाटते. लिहिलं एकदाचं.

मामा शहाळं घेऊन आले. पायाशी बसले. एक शब्द नाही! बातमी छापायले पाहिजे. मी विचारलं, "काय मामा, मौन व्रत?" त्यांनी शहाळं माझ्या डाव्या हातात दिलं, वर पाहिलं नाही, अन् निघून गेले.

३ जून

रचना आली. धर्मेंद्र दाराबाहेर उभा. तिनं मोबाईल डोळ्यासमोर धरला. रिपोर्ट. तारीख फेब्रुवारीची. दहापैकी दहा.

"मामाच्या फोनमधी मले तवाच दिसला, दादा. लग्न मोडन म्हून ते खोटं बोलले. मी तुले विचारलं होतं, शेंगा मोडताना. तू हौ म्हटलं असतं तं मी लग्न थांबवलं असतं. तू हसला. अन् मले... सुटल्यासारखं वाटलं." मग दाराकडे बोट करून म्हणे, "यायले समदं सांगूनच आली मी. पन आता तू तोंडानं मांग."

आठ-दहा विनोद जिभेवर आले. सगळे गिळले.

"दे," मी म्हटलं. "मले जगायचं आहे."

तिनं माझी बाही धरली.