मयूरचा खरा आवाज

५ जाने., रवि.
मयूरवर, म्हणजे माझ्या इलेक्ट्रिक गिटारवर, माझ्या हातचं काय काय आहे, एकदा लिहून काढतो.
तारा टेकतात ती घोडी: पितळेची, भंगारातल्या पट्टीतून कापून कानशीनं घासलेली. तीन केल्या, तिसरी ठेवली.
तारा खुंट्यांकडे जातात तिथलं हाड: जुन्या सुरीच्या मुठीतलं.
पुढची काळी पट्टी: साइनबोर्डवाल्याकडची अ‍ॅक्रिलिक शीट.
रंग: मोरपंखी, स्कूटरचा, चार हात.
तारांखालचे, आवाज पकडणारे दोन्ही पिकअप: वाइंडिंग माझं, २००३, दुकानात पंखे-मोटारींना तार गुंडाळतो त्याच मशीनवर. ४६ नंबरची तार.
कंपनीचं उरलेलं: लाकूड, दांडी, सहापैकी चार खुंट्या, नावाची पट्टी. बस.
बाड्याच्या बाजारातल्या भंगारवाल्याकडून पोत्यात आणली तेव्हा पिकअपच्या जागी दोन रिकामे खड्डे होते. मॉडेल त्याआधीच बंद झालेलं. म्हणजे मयूर खरी कशी वाजायची हे मी कधी ऐकलेलंच नाही. वाजवतोय मात्र इतकी वर्षं.
हे आज लिहायचं कारण, सकाळी केशवचा फोन. म्हणे कंपनी मयूर परत काढणार. मी विचारलं, कोण म्हणालं? "अरे, सब बोल रहे हैं." सब म्हणजे कोण, ते सांगता आलं नाही.

८ जाने.
कोहरा. दहापर्यंत दाल बाजारात समोरचं दुकान दिसत नव्हतं. थंडीत पंखे येत नाहीत, गावाकडचे पंप येतात. दोन मोटारी उघडल्या, दोन्ही जळालेल्या.
दुपारी केशव आला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, माझा शाळेपासूनचा. महिन्याभरापूर्वी मी दुकानात मयूर वाजवत असताना यानं फोनवर घेतलं आणि मला न विचारता इंटरनेटवर टाकलं. दोन मिनिटं. खाली कंपनीच्या माणसाचा निरोप: "ही ओरिजिनल मयूर आहे का? संपर्क करा."
मयूर परत काढा म्हणून कंपनीला मी अकरा पत्रं लिहिली. पोच एकाचीही नाही. आणि दोन मिनिटांच्या व्हिडिओवर हे धावत आले?
के.ला म्हटलं, काहीतरी गोम आहे.
"तुला देव प्रसन्न झाला ना, तर त्याच्याकडून पण रसीद मागशील."
मागेन. का मागू नये.

१२ जाने., रवि.
कंपनीच्या त्या माणसाचा फोन, नंबर के.नं दिलेला. सक्सेना. आवाजावरून तिशीचा. अति गोड बोलतो.
"सर, फैक्ट्री में ड्रॉइंग बची नहीं हैं. साँचे भी बिक गए. आपका पीस मिल जाए दो हफ्ते के लिए, तो हम कॉपी कर लें."
म्हणजे मयूर परत आणायची तर माझ्या गिटारवरून. दुकानाबाहेर जाणार नाही म्हणालो. मोजायचं ते इथे येऊन मोजा, माझ्यासमोर.
विद्या ऐकत होती. "अहो, इतकी वर्षं वाट पाहिलीत. आता माणूस आलाय तर त्याच्यावर शक कशाला?"
आलाय म्हणूनच.

१८ जाने., शनि.
सक्सेना आला. बूट स्वच्छ, बॅग महाग. डिजिटल कॅलिपर चांगला होता, ते मान्य. पण वापरायच्या आधी शून्य केला नाही. मी सांगितल्यावर केला.
दांडी मोजली, लाकूड मोजलं. मग घोडीपाशी थांबला. "देखिए सर, दो मिलीमीटर तिरछी. जानबूझकर. मोटे तार का सुर मिलाने के लिए. पुराने लोग क्या काम करते थे."
पुराने लोग मी. तिसरी घोडी. जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं.
का गिळलं? सांगितलं तर हा बॅग आवरून जाईल आणि मयूर संपली. न सांगावं तर मी खोटा.
"पिकअप तो ओरिजिनल हैं ना?"
म्हटलं, "बाईस साल से यही लगे हैं." यात खोटं काही नाही. तरी बरं वाटलं नाही.
चहा सांगायला कोपऱ्यापर्यंत गेलो. पाच मिनिटं. परत आलो तर माझी वही खिळ्यावर उलटी. कव्हर भिंतीकडे. मी कधीच तशी टांगत नाही.
ती वही म्हणजे माझा धंदा. कुठल्या मोटारीला किती वेढे, कुठली तार, सगळं त्यात. आम्हा वाइंडिंगवाल्यांत वही कोणी कोणाला दाखवत नाही, सख्ख्या भावालाही नाही. मयूरच्या पिकअपचं पान त्यातच आहे, तारखेसकट.
फोटो घेतला असणार. चहा पाजून पाठवला.

१९ जाने.
झोप नीट नाही. हिशेब असा: त्यानं पान पाहिलं असेल तर पिकअप माझे आहेत हे त्याला कळलंय. तरी जाताना काही म्हणाला नाही. उलट "ओरिजिनल, ओरिजिनल" दोनदा बोलून गेला.
मीही गप्प, तोही गप्प. त्याला गप्प राहून काय मिळणार?
के.ला सरळ विचारलं, यात तुझं कमिशन किती? हातातला चहा तसाच ठेवून निघून गेला.

२७ जाने., सोम.
के. अजून आलेला नाही. विद्या म्हणते, माफी मागा. बघू.
सक्सेनाचा फोन. सॅम्पल बनवला, पण "आवाज पतली आ रही है, सर. वो बात नहीं है."
मी: "कितने टर्न दिए?"
"बहत्तर सौ."
झालं, पकडला गेला. ७२०० हा आकडा माझ्या वहीशिवाय जगात कुठे नाही. त्याच्याही लक्षात आलं. त्याच्या मागे पंखा चालू होता. जानेवारीत पंखा कशाला लागतो या लोकांना.
वहीतला आकडा मशीनचा आहे. माझ्या मशीनचा काउंटर शंभरामागे बारा वेढे खातो, दाता झिजलाय. पंख्याला तार भरताना मी तेवढं धरूनच थांबतो. मयूरच्या वेळी तार पहिल्यांदाच इतकी बारीक, सगळं लक्ष ती तुटू नये यात. ही तूट धरायची राहिली. ७२०० वाचून थांबलो, खरे आठ हजारांच्या वर गेलेले. मीटरवर मागाहून कळलं. आवाज भरदार आला म्हणून तसंच ठेवलं.
लोक ज्या आवाजाला मयूरचा आवाज म्हणतात, ती माझी चूक आहे.
हे त्याला सांगितलं नाही.

३० जाने.
माधवगंजात के.च्या घरी गेलो. माफी असं काही म्हणालो नाही, तिळाची गजक नेली. वहिनींनी दार उघडलं. के. आतूनच ओरडला, "त्याला विचार, पोहे दिले तर बिल लागेल का."
बसलो तासभर. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग अडचण काय? ते तुझी कॉपी काढतील. तुझीच तर जीत."
समजावता आलं नाही. मला माझी कॉपी नकोय, ती आहे माझ्याकडे. मला खरी ऐकायची आहे, पोत्यात भरण्याआधीची. यांनी माझी चूक छापून बाजारात आणली की खरीच्या मागे कोण जाणार? मग हीच खरी.

४ फेब्रु., मंगळ.
विद्याशी बोलणं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्हाला मयूर परत पाहिजे होती, की कोणी तुमच्या दारी यावं हे पाहिजे होतं?"
दोन्ही, बहुतेक. तिला सांगणार नाही.

९ फेब्रु., रवि.
सक्सेना पुन्हा आला. न कळवता. केशव दुकानातच होता, ते बरं झालं, साक्षीदार.
मीच सुरुवात केली. पिकअप माझे, घोडी माझी, रंगसुद्धा माझा. तुम्ही वहीचा फोटो काढलात.
नाकारलं नाही. जरा हसला. "सर, ओरिजिनल किसने सुना है? आपने सुना है?"
हे वर्मी लागलं. तोंडावर दिसू दिलं नाही.
म्हटलं, ऐकलेली नाही, पण तिचे पिकअप भरणारा कोणीतरी असेल ना. तुमच्या कारखान्यात मूळचे पिकअप कोणीतरी हातानं भरले. वाइंडिंगवाला नोकरी सोडतो तेव्हा वही घरी नेतो. मीही पहिल्या मालकाकडून तशीच आणली होती. कुठल्यातरी घरात माळ्यावर ती पडलेली असेल. जुन्या पगाराच्या रजिस्टरात नाव सापडेल. त्याला शोधा. तो नसला तर त्याची बायको, मुलगी. वेढे मिळाले की भरून मी देतो, फुकट. काउंटर नवा बसवून.
"इतना टाइम नहीं है, सर. सीज़न के पहले लॉन्च है."
रजिस्टर आहे का, एवढं तरी सांगा.
"होगा. देखना पड़ेगा." मग बॅगेतून कागद काढला.
के.नं मोठ्यानं वाचला, मी चष्मा लावून पुन्हा वाचला. दुसऱ्या पानावर होतं: सर्व भाग मूळचे, कंपनीचे असल्याचं मी प्रमाणित करतो आणि याविषयी कुठे बोलणार नाही. खाली सहीची जागा, माझं नाव आधीच छापलेलं. तेही चुकीचं.
के. म्हणाला, विचार कर, घाई करू नकोस. सक्सेना म्हणाला, इसके बिना प्रोजेक्ट रुक भी सकता है. रुकू शकतो की रुकेल? विचारलं. त्यानं खांदे उडवले.
गेला. कागद ठेवून गेला, मी बोलावून परत दिला.
उद्या के. मागाहून वाढवून सांगेल, कदाचित मीही सांगेन, म्हणून जसंच्या तसं लिहितो. कागदात मागितलं ते: गिटार, वही, वाइंडिंगचं मशीन, आणि त्या पानावर सही. देत होते ते: दोन लाख चाळीस हजार रुपये, अर्धे आजच. नाही म्हणालो.