अकरा नंबरचा डावा हात

३ मार्च

तीर्थस्वरूप भाऊजींना नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण कंपनीनं दिलेली खोली एवढीशी आहे की डोकं दारात आणि पाय मोरीत जातील. तेव्हा उभ्यानंच गोड मानून घ्या.

हे पत्र ताई वाचून दाखवणार आहे. ताई, आवाज मोठा ठेव, मधेमधे डोळे पुसत बसू नकोस, आणि मी लिहिलेला एक शब्दही गाळू नकोस. तुझ्या नवऱ्याला कुणी काही बोललेलं तुला खपत नाही, हे मला तुझ्या लग्नापासून ठाऊक आहे.

मी इकडे बरा आहे. बारा मजली कचेरीच्या लिफ्ट बसवायचं काम चाललंय. पाच नीट चालतात, सहावी मात्र सातव्या मजल्यावर कुणी बोलावलं नसताना थांबते, दार उघडते, कुणाची तरी वाट बघते आणि बंद होते. वायरी तपासून झाल्या, बटणं बदलून झाली. इथला रखवालदार म्हणतो, तिला तो मजला आवडत असेल. हे काम उरकल्याशिवाय साहेब रजा देणार नाहीत, नाहीतर तुम्हाला अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं तेव्हाच मी तुमच्या उशाशी येऊन बसलो असतो.

फोन लावला की तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवता म्हणे. म्हणून हा पत्राचा उद्योग. शिवाय बोलणं शिकवायला येतात त्या बाई म्हणाल्या ना, की यांच्या ओळखीच्या गोष्टी यांच्या कानावर पडू द्या. आता आपल्या दोघांत ओळखीची गोष्ट एकच. तेव्हा उगाच पाल्हाळ न लावता मुद्द्यावर येतो.

तुमचा तो अकरा नंबर लोकांनी उगाच डोक्यावर घेतलेला खेळाडू होता.

हां, लिहिलं. पुन्हा लिहू? बास्केटबॉलच्या इतिहासातला सर्वांत मोठा वगैरे काही नाही. शंभर दगड मारले की चार कैऱ्या कुणाच्याही पडतात. बॉल त्याच्या हातात आयता आणून द्यायचा तो बिचारा बुटका पाच नंबर, आणि फोटो कुणाचा? याचा. समोरचा संघ चालून आला की हा कमरेवर हात ठेवून घरमालकासारखा उभा! आणि तुम्ही ज्या शेवटच्या बास्केटसाठी माझ्याशी आठ वर्षं भांडलात, ती तरी काय होती? उजव्या मनगटाला पट्टी, संघ एका गुणानं मागे, आणि यानं डाव्या हातानं भिरकावला बॉल. आधी फळीला लागला, मग कडीला, कडीवर दोन घटका बसून त्यानं विचार केला आणि मग पडला आत. भाऊजी, याला नशीब म्हणतात. आंधळ्याच्या गायी देव राखतो, दुसरं काय!

यावर तुमचं ठरलेलं उत्तर मला तोंडपाठ आहे. पण मी ते इथं लिहिणार नाही. ते तुमचं उत्तर आहे, तुम्हीच द्या. घाई नाही. एक शब्द आज, एक उद्या, असं हप्त्यानं दिलंत तरी चालेल.

तुमचा आणि सत्याच्या बाजूचा,
मेहुणा


१५ मार्च

भाऊजी, नमस्कार,

तुम्ही मान डोलावलीत?

ताईचा काल फोन आला. म्हणाली, "सगळं पत्र ऐकलं शांतपणे. अकरा नंबर डोक्यावर घेतलेला होता, हे ऐकून मान हलवली. पटलं वाटतं रे त्यांना." मी जिन्यात होतो, तिथंच पायरीवर बसलो. पटलं? तुम्हाला? अहो, माझ्या साखरपुड्याच्या तारखेवरून वाद झाला होता तेव्हासुद्धा तुम्हाला पटलं नव्हतं, आणि तारीख माझीच होती!

आठ वर्षं मी या विजयाची वाट बघितली. तुम्ही एकदा तरी "बरं बाबा, तुझंच खरं" म्हणावं म्हणून जीव टाकला. आणि काल ते मिळालं तर जेवणाचा डबा न उघडताच ठेवून दिला. असला फुकटचा विजय मला नको. परत घ्या.

ताईनं बाकीचंही सांगितलं. डावा हात धडधाकट असून तुम्ही चमचा धरत नाही, ती भरवते तेवढंच खाता. त्या बाई "आ म्हणा, ई म्हणा" करतात आणि तुम्ही छताकडे बघत पडून राहता. शेजारचे बघायला येतात, त्यांच्याही प्रत्येक वाक्याला मान हलवता. "विश्रांती घ्या" म्हटलं की मान, "वयच झालं आता" म्हटलं तरी मान. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या ज्या हातानं रंगवल्या तो हात गेला, म्हणजे आता आपलं काय राहिलं, असंच ना तुमच्या मनात? मला सांगू नका. हे मौन माझ्या ओळखीचं आहे.

आता जे कधी बोललो नाही ते लिहितो. ताई, इथून जरा सावकाश वाच.

माझी बायको गेली तेव्हा मी बोलणं बंद केलं होतं. ठरवून नव्हे. बोलायचंच काही राहिलं नव्हतं. लोक यायचे, "धीर धर", "काळ हेच औषध" असं काहीबाही सांगायचे, आणि मी मान हलवायचो. मान हलवली की माणसं लवकर उठतात, हे मला तेव्हा कळलं. तुम्हीही दर रविवारी यायचात, नखांत रंग तसाच, अंगाला टर्पेंटाइनचा वास. पण तुम्ही धीर दिला नाहीत की काळाचं औषधही सांगितलं नाहीत. टीव्ही लावायचात आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायचात, "अकरा नंबरसारखा खेळाडू झाला नाही आणि होणार नाही." मी गप्प. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मला वाटायचं, या माणसाला उठवून बाहेर काढावं. पण त्यासाठी बोलावं लागलं असतं.

मग एका रविवारी तुम्ही म्हणालात, "त्या शेवटच्या बास्केटला बॉलसुद्धा त्यानं स्वतःच हिसकावून आणला. पास देणारा कुणी नव्हताच." आणि माझ्या तोंडून गेलं, "काहीतरीच काय! पास बुटक्याचा होता."

किती आठवड्यांनी माझा आवाज मीच ऐकला. गंजलेल्या बिजागरीसारखा. आणि तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाहीत. "बुटका? कोण बुटका?" म्हणालात फक्त. झालं! मग मी तुम्हाला चहा पार गार होईपर्यंत बुटका कोण ते सांगत बसलो. त्या दिवशी तुमच्याबरोबर आलेली ताई स्वयंपाकघरात पदर तोंडाशी धरून उभी होती, ते मला दिसत होतं. तुम्ही मात्र हुज्जत घालत राहिलात. त्या संध्याकाळी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पुढे विचार केल्यावर लक्षात आलं, की तुम्ही मुद्दाम चुकलात. केवढं डोकं चालवलंत! शाबासकी द्यायची राहिली, कारण दिली असती तर वाद मिटला असता. आणि मला तो वाद हवा होता हो.

असो. तुम्ही माझ्या बाजूला आलात, म्हणून मी आता तुमच्या बाजूला जातो. कुणीतरी पलीकडे हवंच. तर ऐका. ताई, आता मी जसं लिहिलंय तस्संच वाच. तुला काही खटकलं तरी दुरुस्ती करायची नाही.

अकरा नंबर महान होता. का? तर शेवटच्या सामन्यात संघ चांगला दहा गुणांनी पुढे असताना, मनगटाला काहीही झालेलं नसताना, तो एका बाजूला आरामात उभा राहिला, आणि बुटका भीतीनं लपून बसलेला असल्यामुळे त्यानं आपल्या उजव्या हातानं, हो, उजव्याच हातानं, अलगद बॉल आत सोडला. यालाच म्हणतात थोरपणा. आहे का कुणाची हरकत?

नसेल तर मान हलवा.

तुमचा आणि आता तुमच्याच बाजूचा,
मेहुणा


२ एप्रिल

माझ्या भाऊजींना, मनापासून नमस्कार,

ताई फोनवर आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. मला काही अर्थबोध होईना. मी ओरडलो, "अगं, झालंय काय? नीट बोल!" तर म्हणते, "मी काय बोलू? ते बोलले!"

मग तिनं सगळं सांगितलं. तुमच्यापुढेच ते पुन्हा लिहितोय, कारण मला ते लिहून बघायचंय. दहा गुणांनी पुढे म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली. बुटका लपला म्हटल्यावर तुम्ही डाव्या हातानं गादीवर थाप मारलीत. ताईला वाटलं पाणी हवंय, ती उठायला लागली, तर तुम्ही पदर धरून तिला खाली बसवलंत. मग ती माझी आज्ञा पाळून वाचत राहिली, उजव्या हातानं, हो, उजव्याच हातानं. आणि तुम्ही लालबुंद होऊन म्हणालात, "डा." मग "डाव." ताई कागद खाली ठेवून तुमच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि मग पुरतं, "डावा!" आणि दम घेऊन, पत्राकडे बोट दाखवून, अगदी स्पष्ट, "गाढव."

ताई म्हणते, बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी "आई", "पाणी", "घर" असे सोपे सोपे शब्द काढून ठेवले होते, आणि हे सुरुवात करतात ती शिवीनं! मी तिला म्हटलं, शिवी नाही ती. माझं नाव आहे.

मला बापानं कधीकाळी शाबासकी दिली, कंपनीनं एकदा प्रमाणपत्र दिलं. पण एवढा आनंद मला कशानंच झाला नव्हता. मी लिफ्टमध्ये होतो. तीच सहावी. सातव्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आणि रखवालदारानं बघितलं की हा माणूस एकटाच उभा राहून हसतोय आणि डोळ्यांतून धार लागलीय. तो म्हणाला, "आज राहू द्या साहेब, जिन्यानं उतरा."

आता दुसरी गोष्ट. मी ताईला कौतुकानं म्हटलं, भाऊजींची युक्ती भाऊजींवरच चालवली बघ. आठ वर्षांपूर्वी तेसुद्धा असेच मुद्दाम चुकले होते. तर ताई हसायलाच लागली. म्हणाली, "मुद्दाम कसलं रे! त्यांना तेव्हा एका संघात किती जण खेळतात तेसुद्धा माहीत नव्हतं. जन्मात कधी बास्केटबॉल बघितला नव्हता त्यांनी."

मी म्हटलं, मग अकरा नंबर?

तेव्हा तिनं सांगितलं. माझी ती अवस्था बघून एका रविवारी तुम्ही घरी गेलात आणि तिला विचारलंत, "याला आवडतं काय गं?" ती म्हणाली, पूर्वी कारखान्याच्या संघात बास्केटबॉल खेळायचा. झालं. खेळाच्या सामानाचं दुकान होतं, त्याची पाटी रंगवताना तुम्ही शिडीवरून मालकाला विचारलंत, "या खेळात सगळ्यांत मोठा कोण?" तो म्हणाला, अकरा नंबर, आणि त्याच्या त्या शेवटच्या बास्केटची गोष्ट सांगितली. एवढ्या भांडवलावर तुम्ही माझ्याशी वाद घालायला आलात! पुढे रोज पेपरातलं खेळाचं पान वाचलंत, जुने सामने बघितलेत, ताईला झोपेतून उठवून बचाव म्हणजे काय ते समजावलंत. माझ्यासमोर पुन्हा उघडं पडायला नको म्हणून. आणि मी मूर्ख समजत होतो, तुम्हाला या खेळाचं वेड आहे आणि मी तुमच्यासाठी वेळ काढून भांडतोय.

भाऊजी, तुम्हाला वेड माझं होतं. हे मी आज लिहितोय, समोर असतो तर माझ्यानं बोलवलं नसतं. तुम्ही एक अख्खा खेळ शिकलात, का तर तुमच्या बायकोच्या भावानं तोंड उघडावं. तुमचे उपकार मी फेडणार नाही. फेडून मोकळं व्हायची माझी इच्छाच नाही.

आता तुमचं ते ठरलेलं उत्तर. आठ वर्षं ऐकलं आणि दर वेळी हसण्यावारी नेलं. तुम्ही म्हणायचात, "बास्केट नशिबानं पडली असेल, तुझंच खरं. पण हात निकामी झाल्यावर बॉल मागितला कुणी? बाकीचे धडधाकट हातांचे नजर चुकवत होते. यानं मागितला." काल सकाळी ताई नेहमीसारखी वाटी घेऊन बसली, तर तुम्ही डावा हात पुढे केलात. तिला वाटलं, काही दुखतंय. तुम्ही हात तसाच धरून ठेवलात, चमच्याकडे बघत. अर्धं शर्टावर, थोडं उशीवर आणि एक घास तोंडात. ताई म्हणाली, "सगळी चादर धुवायला टाकली रे," आणि मला माहीत आहे, एवढ्या आनंदानं तिनं आजवर चादर धुतली नसेल.

तेव्हा अकरा नंबरबद्दल माझं मत कायम आहे. बचाव शून्य, पास बुटक्याचा, बास्केट नशिबाची. लोकांनी डोक्यावर घेतलाय, घेऊ देत. पण निकामी हातानं जो बॉल मागतो तो मोठा, हे मला पटलं. फक्त मी बघितलेला तो माणूस मैदानात नव्हता. तो काल माझ्या बहिणीसमोर शर्टावर सांडत जेवत होता.

साहेबांनी रजा दिलीय. सहावी लिफ्ट थांबते तशी थांबू दे सातव्या मजल्यावर. रविवारी येतो. टीव्ही मी लावीन. यावर एकदम मोठं उत्तर देऊ नका. त्या दिवशी दिलेला शब्दच पुन्हा एकदा, माझ्या तोंडावर, तुमच्या तोंडून ऐकवा.

त्याच शब्दासाठी निघालेला,
तुमचा
गाढव