पहिल्या हाकेला

१२ ऑगस्ट, सोमवार

आजचं 'सुरक्षित स्पर्श' सेशन एकदम हिट! तिसरीचा अख्खा वर्ग ओरडला — नाही म्हणा! पळा! सांगा! वरचे पत्रे वाजले. हेडमॅडम रत्नाताई म्हणाल्या, "अहो, पार तालुक्याला, चोपड्यापर्यंत आवाज गेला असेल!"

दुपारी जीवराम आबांनी पोरांसाठी त्यांच्या बागेतली केळी पाठवली. शाळेची जागाही त्यांनीच दिलेली. किती चांगले!

१४ ऑगस्ट, बुधवार

पोरं केळीच्या बागेतली जवळची वाट सोडून पाटावरून लांबून येतात. का? छोटी भाविका म्हणाली, "बागमा भूत शे, मॅडम."

"उलट्या पायांचं?"

"नही. चप्पल घालस."

मला हसू आवरेना! बाकी कोणीच हसलं नाही.

भुताचे नियमपण आहेत. एकलं जावानं नही. त्याना हातनं काही खावानं नही. त्यानी पहिली हाकले ओ देवानी नही. सगळ्यांना पाठ! माझी तीन वाक्यं पाठ करायला आठवडा घेतला यांनी.

ही सुपरस्टिशन मीच घालवणार. ठरलं.

२० ऑगस्ट, मंगळवार

सगळ्यांना बागेतून नेलं. सकाळची वेळ, पण आत उजेडच नाही. वर पानं एकमेकांवर घासत होती, सतत. पोरांनी एकमेकांचे हात धरलेले.

पाण्याच्या मोटारीच्या खोलीचं दार अर्धं उघडं. बाहेर चपला. आतून आवाज आला, "कोण शे?"

आबा! मी म्हटलं, बघा, हे तुमचं भूत! ते खूप हसले. केळी दिली. एकानेही हात पुढे केला नाही. मला इतकी लाज वाटली — काही मॅनर्स? मीच एक केळ भाविकाच्या हातात कोंबलं. ती ते शाळेपर्यंत तसंच धरून आली. खाल्लं नाही.

संध्याकाळी तिच्या आईला, बेबाबाईला सांगितलं, उद्यापासून जवळच्या वाटेनं पाठवा, काही भूतबित नाही. तिने भाविकाचा हात धरून तिला घरात नेलं.

२१ ऑगस्ट, बुधवार

आज 'विश्वासाचा माणूस' म्हणून आबांना वर्गात बोलावलं. मीच! त्यांनी हाक मारली, "भाविका!" तिने ओ दिली नाही. पुन्हा, "ओ भाविका! पोरी!" सगळ्यांच्या नजरा दाराकडे, त्यांच्या चपलांवर.

आणि मग मला भुताचे नियम आठवले.

एकटं जायचं नाही. खाऊ घ्यायचा नाही. हाकेला ओ द्यायची नाही. हेच तर मी शिकवायला आले होते. आणि काल-आज मिळून मी तिन्ही नियम मोडायला लावत होते. ते केळ — माझ्या हाताने.

आबा गेल्यावर रत्नाताईंना सांगितलं. "आबा? अहो, काहीतरीच! गावात राहायचंय ना आपल्याला?"

शाळेच्या मागे जाऊन १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. उद्या येतायत. मग पळत बेबाबाईकडे. "त्या वाटेनं नका पाठवू." ती म्हणाली, "धाडीच नव्हती."

२२ ऑगस्ट, गुरुवार

चाइल्डलाइनच्या ताईंसमोर बेबाबाई बसली. डोक्यावरचा पदर नीट केला. म्हणाली, "भाविकाना बारामा नंतर लिवजा. पैले मन्हं लिव्हा. त्या टाइमले मी तिसरीमा व्हतू."

मग तिने आबांचं नाव सांगितलं. आणि दारात उभी असलेली तिची म्हातारी आई खाली बसली, म्हणाली, "त्या हाकना नियम मीच शिकाडा व्हता तिले."