तुझ्या वाटणीचा घोट

हिंगोली,
२९ जानेवारी २००७

प्रिय भिया,

पाकीट फोडल्याबरोबर आतलं जाड तिकीट तुझ्या मांडीवर पडलं असेल आणि तू ते उलटंपालटं करून बाजूला ठेवलं असशील. ठेव. पण फाडू नकोस, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच. सगळा तांडा तुला ‘नायक, तुमी’ म्हणतो; तुला ‘तू’ म्हणणारी आता मी बहीण एकटीच उरले, तेवढा तरी मान राख. आपली गोरमाटी बोलायला गोड, पण तिला लिपी नाही, म्हणून मराठीत लिहिते. फोन केला तर तू ‘रेंज न्हाई’ म्हणून ठेवून देतोस. साखऱ्याच्या माळावर रेंज नसते हे खरं, पण माझ्याच फोनला कशी नसते हे मला अजून कळलेलं नाही.

तिकीट तुझ्या लेकीनं पाठवलंय. शिवकन्या जिथं नोकरी करते त्या नाशिककडच्या वाईनच्या कारखान्यात वर्षातून दोन-तीनदा मोठा कार्यक्रम असतो. तिकीट काढून माणसं येतात, निरनिराळी वाईन चाखतात, बरोबर थोडंथोडं खातात आणि खूश होऊन घरी जातात. या महिन्यातल्या कार्यक्रमाची तिनं दोन तिकिटं माझ्या पत्त्यावर पाठवली होती, एक माझं आणि एक तुझं. मी तुला निरोप धाडला, तू उलट निरोप धाडलास की दारूच्या दुकानाला तिकीट काढून जायची वेळ अजून आपल्यावर आलेली नाही. मी एकटीच गेले. आता होळीच्या आधी पुन्हा आहे, म्हणून हे दुसरं तिकीट.

तुझा राग मी खोटा म्हणत नाही. आपला भाऊ धर्मसिंग ऐन तरुणपणी दारूनं गेला, तेव्हा तू स्वतः कुऱ्हाड घेऊन तांड्यातल्या भट्ट्या फोडल्यास, पहिली आपल्याच जन्मदात्या याडीची फोडलीस. त्या दिवशी मी कुरुंद्याच्या दवाखान्यातून ड्यूटी टाकून आले होते, मला सगळं आठवतं. अशा माणसाच्या पोरीनं परभणीला शिकून, डिग्री घेऊन, शेवटी द्राक्षं आंबवायची नोकरी धरावी, हे तुझ्या मनाला कसं लागलं असेल ते मी समजू शकते. पण तीन वर्षं अबोला, भिया? मिराभाभी गेली तेव्हा ही पोरगी सहा वर्षांची होती. शाळेसाठी तू तिला माझ्याकडे हिंगोलीला ठेवलंस, दर आठवडी बाजाराला यायचास, तिच्यासाठी पेरू आणायचास आणि तिची वेणी स्वतः घालायचास, वाकडी. तोच माणूस आता तिचं नाव निघालं की उठून गोठ्यात जातो. तू तिकडे एकटा, ती तिकडे एकटी, आणि रिटायर झाल्यापासून मी इथं दोन खोल्यांत एकटी. तीन माणसांचं घर, पण तिघांच्या तीन चुली. संध्याकाळी एकटीसाठी भाकरी थापायचा कंटाळा येतो, मग मी चहात बिस्किट बुडवून झोपते. हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगते.

असो. तू जाशीलच असं धरून तिथं काय काय असतं ते सांगते, म्हणजे माझ्यासारखी तुझी फजिती व्हायची नाही. परभणीहून सकाळची तपोवन धर, संध्याकाळी नाशिक रोडला उतरशील. रात्री शिवकन्येच्या खोलीवर राहायचं, कार्यक्रम दुसऱ्या दिवशी असतो. फाटकावर एक पोरगा तिकीट बघतो आणि मनगटाला कागदाची रंगीत पट्टी चिकटवतो, दवाखान्यात बाळंतिणीच्या बाळाला बांधतात ना, तश्शी. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाळांना बांधल्या, या वयात मला बांधून घ्यावी लागली. त्या पोरानं यादीत बघून विचारलं, दुसरे पाहुणे? मी म्हटलं, मागून येऊन राहिले. खोटं बोलले, पण ‘येणार न्हाईत’ असं तोंडातून निघेना.

आत बसायला खुर्च्या नसतात, सगळे उभेच. लांबच लांब टेबलं, वर पांढऱ्या चादरी, आणि पलीकडे मळ्याच्या ओळीच ओळी. प्रत्येकाला उंच दांडीचा एक काचेचा ग्लास देतात. त्यात ओततात किती, तर खोकल्याच्या औषधाएवढं. हसू नकोस आणि अजून मागू नकोस, रीतच तशी आहे. ग्लास दांडीला धरून हलवायचा, नाक घालून वास घ्यायचा, मग घोट घ्यायचा आणि तोंडात खेळवायचा. कुणी म्हणतं जांभळाचा वास येतोय, कुणी म्हणतं मिऱ्याचा. मला विचारलं तर मी खरं ते सांगितलं, इंजेक्शनच्या आधी लावायच्या स्पिरिटचा येतोय. आजूबाजूचे हसले. वाईट हेतूनं नाही हसले, पण नंतर मला कुणी विचारलंही नाही. खायला काडीला टोचलेले चीजचे चौकोनी तुकडे, पावाचे भाजलेले काप, मसाल्याचे काजू. हिरव्या बोराएवढी खारट फळं असतात, ती बोरं समजून खाऊ नकोस, मी कोपऱ्यात जाऊन तोंड कसं रिकामं केलं ते माझं मला ठाऊक. पोट भरायला काहीच नाही, तेव्हा पिशवीत भाकरी आणि ठेचा असू दे.

आणि प्रत्येक टेबलावर स्टीलची एक उंच बादली असते. मी त्यात हात धुतले. शेजारच्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग कळलं की ती थुंकायची बादली. तिथली जाणती माणसं घोट तोंडात घेतात, चव बघतात आणि त्या बादलीत थुंकून देतात, म्हणजे चढत नाही आणि पुढच्या वाईनची चव कळते. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मला काही ते जमेना. समोरच्यानं हातानं दिलेलं थुंकायचं म्हणजे काय, आपण असल्या माणसांतले नाही. मी आपली सगळं गिळत गेले आणि मधेमधे पाणी पीत गेले.

तिथं सगळे घोळक्यानं येतात. जोडीनं, मित्रांबरोबर, ऑफिसातल्यांबरोबर. एकट्या माणसाशी कुणी बोलत नाही, पण हातात ग्लास असतो त्यामुळे मोकळं उभं राहिल्यासारखं दिसत नाही. तुझी लेक मात्र फार छान दिसत होती. काळा कोट, केस मागे बांधलेले, गळ्यात नावाची पाटी. तिच्या टेबलापाशी गर्दी होती. द्राक्ष कधी तोडायचं, रस किती दिवस ठेवायचा, रंग सालीतून कसा येतो, हे ती हिंदीत आणि मराठीत सांगत होती आणि शहरातली माणसं कान देऊन ऐकत होती. तू ऐकलं असतंस तर मनातून हरखला असतास, वरून काही म्हणाला असतास तरी. बोलता बोलता ती दर वेळी फाटकाकडे बघायची. मी आलेली तिला दिसत होते, तरी बघायची.

आता खरं सांगायचं ते. तिथं आपल्यातला आणखी एक माणूस होता. पांढरं धोतर, लाल पागोटं, न चाखलेला ग्लास दोन्ही हातांत धरून खांबाला टेकून उभा. माझ्या हातावरचं गोंदण बघून त्यानं गोरमाटीत विचारलं की कोणत्या तांड्याची. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. हिरासिंग पवार नाव त्यांचं, वसमतकडच्या तांड्याचे. त्यांचा मुलगा प्रेमदास तिथल्याच मळ्यात साहेब आहे. आम्ही कापसाचं, पावसाचं, ढोरांचं बोललो. मग शिवकन्या आणि तो मुलगा दोघं आमच्याकडे आले आणि एकमेकांकडे न बघता शेजारी उभे राहिले. तेवढ्यावरून मला सगळं कळलं. दोन तिकिटं कशासाठी होती, ती फाटकाकडे का बघत होती, तेही कळलं. तुला घरी बोलावलं तर तू येणार नाहीस आणि त्यांना तांड्यावर पाठवलं तर तू दार लावशील, म्हणून दोन बाप इथं आणून एकमेकांसमोर उभे करायचा तिचा बेत होता. मुलगा शांत आहे, भिया. गोत बराबर जुळतं. मी चौकशी केली आहे.

हिरासिंगांनी तुझ्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, तब्येत बरी नव्हती. ते म्हणाले, “पोरीचा बाप न्हाई आला, पर आत्या हाय ना. आत्या काय परकी हाय?” एवढं बोलून त्यांनी आपला ग्लास माझ्या ग्लासाला लावला आणि माझ्या डोळ्यांत बघून एका दमात रिकामा केला. मीही घोट घेतला होता. तोंडात होता, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे काय चाललंय. आपल्या सगाईची रीत तुला मी काय सांगू, तू ती शेकडो वेळा लावून दिली आहेस. दोन्हीकडची वडील माणसं समोरासमोर बसतात, वाटी तोंडाला लावतात आणि गिळतात. तू दारू बंद करून वाटीत गुळाचं पाणी आणलंस, पण रीत तीच ठेवलीस. गळ्याखाली उतरलं की सोयरीक झाली, मग पंच आले तरी मोडत नाही. थुंकलं तर नाही म्हटलं.

मी वळले आणि बादलीत थुंकले.

शेजारच्या त्या बाई, ज्यांनी मला हात धुताना बघितलं होतं, त्या कौतुकानं मान डोलावून म्हणाल्या, “बस, ऐसे ही.” त्यांना वाटलं, म्हातारी शेवटी शिकली. एवढ्या माणसांत आम्हा चौघांनाच कळलं की मी काय केलं. हिरासिंगांनी ग्लास टेबलावर ठेवला, पागोटं नीट केलं आणि फाटकाकडे चालू लागले. प्रेमदास त्यांच्यामागं धावला. शिवकन्येच्या टेबलापाशी नवी माणसं आली होती, ती तिकडे गेली आणि पुन्हा सालीचा रंग सांगायला लागली. आवाज कोरडा पडला होता. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मला गाडीत बसवताना तिनं एवढंच विचारलं, “आत्या, तू काहून थुंकलीस?” परभणीपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

उत्तर आता सुचलंय, आणि ते तिला देण्याआधी तुला द्यावं म्हणून हे पत्र. मी गिळलं असतं तर सोयरीक तेव्हाच पक्की झाली असती, आणि तुझी लेक बापाशिवाय सासरी गेली असती. मग तुला यायचं काही कारणच उरलं नसतं. तू नायक आहेस, तुला माहीत आहे, एकदा गळ्याखाली गेलेलं परत बाहेर येत नाही. म्हणून मी त्या भल्या माणसाचा अपमान केला आणि पोरीला रडवलं. परवा प्रेमदासचा फोन आला होता. वडील होळीपर्यंत थांबायला तयार आहेत, पुढे ते दुसरीकडे बघतील. ‘बाप स्वतः येऊन उभा राहिला तर झालं गेलं विसरू,’ असं म्हणालेत. माझ्या शब्दाला आता तिथं किंमत नाही, पोरीचंही कुणी ऐकणार नाही. एकट्या तुझंच ऐकतील. दारूला न शिवायची तुझी शपथ मोडायची गरज नाही, हे मी शिवकन्येला आधीच विचारून ठेवलंय. त्या दिवशी सकाळी तोडलेल्या द्राक्षांचा रस ती तुझ्यासाठी वेगळा काढून ठेवणार आहे, अजून आंबायला न लागलेला. घोटभर असेल. तुझ्या वतीनं मी आजवर पुष्कळ काही गिळलं, भिया, लोकांचे टोमणेही आणि त्या पोरीचे प्रश्नही. हा एक घोट मात्र तुझाच आहे आणि तो मला गिळता आला नाही. कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी परभणीला फलाटावर मी थांबते. तू आला नाहीस तर मी गाडीत बसणार नाही, कारण पुन्हा एकटीनं जाऊन तिला तोंड दाखवायची माझी छाती नाही.

तुझीच,
शिला