लाल शाईतलं द्विवचन

अण्णा, तुमची नात चौदा वर्षांची झाली. गेल्या शनिवारी इथल्या क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, नाश्ता करताना तिने शाळेचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. पुढच्या वर्षी लॅटिन किंवा कोडिंग, एकच घेता येतं. तिला लॅटिन हवं होतं आणि माझी सही लागत होती. मी म्हटलं, "कोडिंग घे. लॅटिन कोण बोलतं आता?" तिने नुकताच इतिहासासाठी अमेरिकेच्या सुरुवातीच्या राज्यकर्त्यांवर प्रकल्प केलाय, त्यामुळे ती तावातावाने सांगायला लागली. त्या काळी कॉलेजात प्रवेश घ्यायलाच लॅटिन-ग्रीक लागायचं, तिच्या वयाची मुलं रोमन भाषणांची भाषांतरं करायची. राज्यघटना लिहायला बसलेल्यांपैकी कित्येकांनी रोमचं काय चुकलं ते मुळातून वाचलेलं होतं. "पण काही जण म्हणायचे, हे शिकवणं बंद करा, यूजलेस आहे. आणि त्यांतले काही स्वतः शिकलेले होते, बाबा! सेम लाइक यू, लाह," इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' जोडत ती म्हणाली.

मी कॉफी ढवळत राहिलो. आपलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही चहा गाळताय आणि अकरावीला संस्कृत सोडून इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचा फॉर्म मी तुमच्यापुढे धरतोय. गावातली निम्मी मुलं तुमच्याकडे संस्कृतचे शब्द चालवायला शिकली, आणि मी तुम्हाला तोंडावर सांगतोय की दहावीला संस्कृत घेतलं ते मार्कांसाठी, आता मेलेल्या भाषेचं काय करू? तुम्ही हात पुसलेत. "सही देवनागरीत चालेल ना?" एवढंच विचारलंत.

पुढे होस्टेलवरून, तुम्हाला बरं वाटावं म्हणून, एका पत्राच्या शेवटी मी 'पितॄन् नमामि' असं लिहिलं. तुम्ही तेच पत्र लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलंत. 'पितरौ. आई-बाप दोघं, म्हणून द्विवचन. तू पितरांना नमस्कार केला आहेस. आम्ही अजून दोन्ही वेळा जेवतो.' खोलीतल्या मुलांना ते वाचून दाखवून मी पोट धरून हसलो. तुम्हाला उत्तर मात्र लिहिलं नाही. ती चूक सापडल्यावर तुम्ही किती खुशीत आला असाल, आईला हाक मारून दाखवली असेल, हे मला आत्ता, या वयात सुचतंय. आता आईही नाही, विचारायचं कुणाला?

काल मी लॅटिनवर सही केली. तिने फॉर्म घडी करून दप्तरात ठेवला आणि विचारलं, "तुम्ही संस्कृत सोडलं तेव्हा आजोबा सॅड झाले होते?" मी म्हणालो, "नाही गं, हसत सही केली त्यांनी." हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून खरं ते लिहितो. तुम्ही सही करत होतात तेव्हा मी फक्त फॉर्मकडे बघत होतो.