माझ्या नावाचा कारखाना

बाबा, तुमच्या कारखान्यावरची माझ्या नावाची पाटी गेल्या आठवड्यात खाली उतरली. मीच उतरवायला लावली. तुमचा मुलगा हे सगळं रडक्या सुरात आणि स्वतःच्या सोयीने गावात ज्याला त्याला सांगत फिरतो आहे. एखाद्या दिवशी तुमच्या फोटोसमोर उभा राहून तुम्हालाही सांगेल. त्याच्याआधी माझ्याकडून ऐका. तुमच्यासमोर मी कधी चार वाक्यं सलग बोलले नाही. आता तुम्ही मध्ये बोलू शकत नाही, ही माझी मोठी सोय आहे.

पाटी चढली तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. मी सातवीत. तुम्ही भर दुपारी धुतलेला पांढरा सदरा घालून कॉन्व्हेंटच्या शाळेत आलात आणि सिस्टरसमोर हात जोडून उभे राहिलात. ज्यांच्या खाकरण्याने घर गप्प होई ते माझे वडील सिस्टरपुढे काहीतरी पुटपुटत होते. मला हसू आलं आणि मग तुमची कीवही आली. अर्ध्या दिवसाची सुटी मिळाली. निळ्या पिनाफोरमध्येच तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून जिनिंग मिलच्या पुढच्या रस्त्याला नेलंत. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं. वर राज्याच्या तेलुगूत, मध्ये इंग्रजीत, खाली आपल्या घरच्या मराठीत, तिन्ही ओळींत मीच, आणि पुढे इंजिनिअरिंग वर्क्स. नारळ माझ्या हातून फोडून घेतलात. सगळे म्हणत होते, पोर लक्ष्मी आहे. आत लेथ सुरू झाली आणि फिरत्या लोखंडातून निळसर कीस वेटोळी घेत बाहेर पडू लागला. मी उंबरा ओलांडून पुढे गेले, हात पुढे केला, आणि तुम्ही माझं बखोट धरून मला दारात आणून सोडलंत. "बाहेर थांब. इथं पोरीसोरींचं काम नाई." मिलचा एक जमादार ओरडला, "अरे, मालकीनबाईलेच हाकललं यानं!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. तो कीस तापलेला असतो, बोट कापतो, हे मला आता माहीत आहे. "हात कापंल" एवढंच म्हणाला असतात तरी पुरे होतं. तुम्ही ते म्हणाला नाहीत. मी माझ्याच नावाखाली उभी राहून पेढे वाटले.

मग आपलं स्वयंपाकघर. तुम्ही मोरीत रॉकेल आणि लाकडाचा भुसा घेऊन हात घासता आहात, आई चुलीपुढे ज्वारीची भाकर थापते आहे, आणि मी धीर करून म्हणते, "बाबा, मले लेथ शिकवा ना." तुम्ही वरही पाहत नाही. "तुले सिस्टरकडं कायले घातलं मंग? हात काळे कराले?" भाकर तव्यावर टाकता टाकता आई विचारते, "मंग तिचं नाव काऊन देलं कारखान्याले?" तुम्ही पाटावर बसता, घास घेता आणि सावकाश म्हणता, "पोरीचंच नाव देत असतेत. बरकत येते." आई पुढची भाकर जरा जोरात उलटते. बरकत माझ्या नावाची आणि कारखान्याची किल्ली माझ्या धाकट्या भावाच्या करदोट्याला, जो लेथ सुरू झाली की कानांत बोटं घालून भोकाड पसरायचा!

डबा घेऊन मी कारखान्याच्या मागच्या खिडकीपर्यंत यायचे. खिडकीपर्यंतच. तुमचं बरंचसं शिकवणं मी तिथे उभी राहून ऐकलं. एकदा तुम्ही तुमच्या कारागिरावर असे कडाडलात की माझ्या हातातला डबा हिंदकळला. "झिजलेल्या शाफ्टचं माप घेतलं अन् तसाच नवा केला? अबे, मंग नवाही झिजलेलाच झाला ना! तो ज्यात बसते ते पाह्य आधी." मला ते बाहेरून कळलं: दांडा झिजतो, त्याचं खरं माप तो बसतो त्या बेअरिंगात असतं. आत तुमच्या शेजारी उभं केलेल्या तुमच्या मुलाला कळलं नव्हतं, त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं. तुम्ही खिडकीकडे पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर काय झालं असतं, याचा विचार मी पुष्कळ वर्षं केला आणि मग सोडून दिला.

लग्नात तुम्ही मला स्वतः लेथवर कातलेलं पितळी लाटणं दिलंत. काम सुरेख होतं, मुठी अशा गुळगुळीत की बोट ठरू नये. सासूबाईंनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि विचारलं, "हे पोळ्या लाटाले हाय का नवऱ्याचं डोकं फोडाले?" मंडपात हशा पिकला. सगळ्यांत जास्त हसले ते माझे यजमान, भितऱ्या स्वभावाचे होते तरी. मीही हसले. पण बाबा, त्या लेथवरून माझ्या वाट्याला आलं ते लाटणं.

पुढे मी उद्योग खात्यात लागले आणि अधिकारी म्हणून निवृत्त झाले. ते पाहायला तुम्ही नव्हतात. बाईच्या नावाने सवलत मिळते म्हणून बाईच्या नावाने उघडलेले कारखाने तपासायला मी जायचे. बाई चहा घेऊन यायची, बोलायचा नवरा. मी नवऱ्याला गप्प करायचे आणि बाईला म्हणायचे, मशीन सुरू करून दाखवा. काही जणी दाखवत, अगदी ठसक्यात. एक मात्र ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "म्याडम, मले नका विचारू, मी इथं नावापुरती हाय." मी तिच्यावर फार चिडले. खरं तर मी तिला खुर्चीवर बसवून तो चहा तिलाच पाजायला हवा होता.

तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलाने कारखाना थोडे दिवस ओढला. मग कुलूप घालून बियाण्यांचं दुकान टाकलं. पाटी तशीच राहिली. त्याची मुलगी, माझी भाची, तुम्ही पाहिलीच नाहीत. तिने पॉलिटेक्निक केलं, हैदराबादला एका कारखान्यात मशीनवर उभी राहून काम केलं आणि येताना एक मैत्रीण घेऊन आली. मैत्रीण इचोडा गावची, घरात तेलुगू बोलणारी. तिचे वडील हायवेवर लॉऱ्यांचे टायर बदलतात. दोघींनी ठरवलं, आजोबांचं कुलूप उघडायचं आणि भागीत कारखाना चालवायचा. तुमच्या मुलाने शेड दिली, पण अटी घालून. नाव जुनंच राहील, कारण गिऱ्हाईक त्या नावाला ओळखतं. आणि दाराशी टेबल-खुर्ची टाकून तो बसेल, कारण गिऱ्हाईकाला पोरींशी बोलायची सवय नाही. मी त्याला म्हटलं, सवय लागेपर्यंत तू घरी बस. त्याने ते थट्टेवारी नेलं.

पहिल्या हंगामात, मिलपुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती तेव्हा, मी त्या शेडमध्ये सातवीनंतर पहिल्यांदा आत गेले. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. एका मिलचा फोरमन मोटरसायकलवर पोत्यात गुंडाळलेला शाफ्ट घेऊन आला आणि आत बघत म्हणाला, "मालक कुठी हायत?"

"बोला ना," भाची म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत ग्रीस.

"तू नाई वो पोरी. मालक."

तुमचा मुलगा लगबगीने उठला. "या या, बसा. चाय घेता? नमुना हाय ना, तसाच करून देते पोरी. सांजेला घेऊन जा."

भाचीने शाफ्ट उचलला, त्याच्यावरून अंगठा फिरवला. "काका, हा झिजला. याच्या मापानं केला तं चार दिवसांत खडखड करंल. ज्यात बसते ते बेअरिंग आणा, मंग करते."

"मिल बंद हाय माही! बाजूवाला घंटाभरात करून देते."

"मंग त्याच्याकडं जा."

तो तणतणत निघाला तेव्हा लेथमागून तिची मैत्रीण ओरडली, "काका, शाफ्ट तरी घेऊन जावा! आमच्याकडं ठेवायला जागा नाई!" तुमचा मुलगा कपाळाला हात लावून बसला. "पहिलं मोठं गिऱ्हाईक घालवलं. बाबाच्या नावाले काय ऱ्हायलं?" मी म्हटलं, "नाव बाबांचं नाही, माझं आहे. मला काही झालेलं नाही." मग भाचीला विचारलं, हे बेअरिंगचं तुला कोणी शिकवलं? ती म्हणाली, "कॉलेजात शिकवलं. काऊन?" मी म्हटलं, "सहज."

तो फोरमन दुसऱ्या दिवशी खाली मान घालून परत आला असता तर गोष्ट छान झाली असती. तो आजतागायत आलेला नाही. पण दुसरे आले. बेला गावाकडचे ट्रॅक्टरवाले आले, तेलघाणीवाले आले, मग दोन मिलचं काम कायमचं मिळालं. तुमच्या लेथशेजारी दुसरी लेथ लागली, मिलिंगचं मशीन आलं, हाताखाली माणसं आली आणि पोरी त्यांच्यावर तुमच्याच पट्टीत ओरडायला लागल्या. आता त्यांना कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घ्यायचं होतं, शेड मागच्या बाजूला वाढवायची होती. मैत्रिणीच्या वडिलांनी आपली जमीन तारण ठेवायची तयारी दाखवली. त्याआधी एकदा पाहून घ्यावं म्हणून ते इचोड्याहून आले. रस्त्यातच उभे राहिले, वर पाटीकडे पाहिलं आणि मुलीला एवढंच विचारलं, "मन पेरु एक्कड?" आपलं नाव कुठे आहे?

पोरगी परत लेथकडे वळली. दोन दिवस तिने खाली मान घालून काम केलं. तिसऱ्या दिवशी भाचीला म्हणाली, मी इचोड्याला जागा बघते. भाची बापाकडे गेली आणि म्हणाली, पाटी बदलू, नाही तर ही जाईल, आणि ही गेली तर माझ्याच्यानं एकटीनं होणार नाही. तर तुमचा मुलगा काय म्हणाला असेल? "तुह्या आत्याचं नाव हाय ते. आजोबानं लावलं. उतरवलं तं आत्याच्या जिवाले लागंल. तिनं सोता येऊन म्हटलं, तं उतरवतो." ह्या घरात माझ्या जिवाला काय लागतं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आणि आता त्याला त्याची खुर्ची वाचवायची होती, तर माझा जीव सापडला!

दोघी माझ्याकडे आल्या. मैत्रीण दाराबाहेरच थांबली, चपलाही काढेना. भाची माझ्या पायाशी बसली. "आत्या, खरं सांग. तुले वाईट वाटंल काय?" दारातली म्हणाली, "आंटी, तुम्ही नाई म्हणा, मी समजून घेईन. पण मग मी जाते. दुसऱ्याच्या नावाखाली मला म्हातारं नाई व्हायचं." बाबा, हे वाक्य मी ह्या पोरीच्या वयात तुम्हाला म्हणायला हवं होतं, असं काही मी लिहिणार नाही. तेव्हा ते कुणी कुणाला म्हणतच नसे. मी साडी बदलली आणि ऑटो बोलवायला सांगितलं.

तुमचा मुलगा कारखान्याच्या दाराशी खुर्चीत पेपर वाचत होता. मी म्हटलं, "पाटी उतरव."

"ताई, बाबाची आठवण हाय ती."

"बाबांची लेथ आहे तिथे. तिच्याजवळ उभा राहा, येईल आठवण."

"तुले सांगितलं या पोरींनी असं बोलाले."

"मला आजवर काय बोलायचं ते कुणी सांगितलेलं नाही. गप्प बसायला मात्र पुष्कळांनी सांगितलं. उतरव. अन् ती खुर्चीही उचल."

"खुर्ची काऊन?"

"माझ्या नावाखाली बसला होतास ना? नाव चाललं. आता कशाखाली बसतोस?"

लेथवरच्या माणसांनी तोंडं फिरवली. त्यांचे खांदे हलताना मला दिसले. तो रागावला, लाल झाला आणि मग एकदम तुमच्यासारखा दिसला. खुर्ची त्याने स्वतःच आपल्या स्कूटरला बांधली, कुणाला हात लावू दिला नाही. त्याचंही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याला लेथ कधीच नको होती, मला हवी होती, आणि तुम्ही आम्हा दोघांना चुकीच्या जागी उभं करून निघून गेलात.

पाटीचे बोल्ट गंजून बसले होते. मैत्रीण शिडीवर चढली आणि ग्राइंडरने कापले, ठिणग्या रस्त्यापर्यंत उडाल्या. नव्या पाटीवर काय आहे ते तुम्हाला आवडणार नाही. देवाचं नाव नाही, लेकीचं नाही, कुणाच्या बरकतीचं नाही, वर नुसतं इंजिनिअरिंग वर्क्स. खाली मात्र दोघींची नावं लिहिली आहेत, चालवणाऱ्या म्हणून, तिन्ही लिप्यांत. जुना पत्रा अजून चांगला होता. लेथखाली कीस गोळा करायला त्याचा ट्रे वाकवून घेतला. मला विचारून. मी हो म्हटलं.

हे पत्र मी फाडणार आहे. कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, आणि तुमच्या मुलाच्या हाती लागलं तर तो हा शेवटचा भाग तेवढा गावभर वाचून दाखवेल. मला काही वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. पोरींना तर दोनदा सांगितलं. पण नोकरीची सगळी वर्षं, आधी रिक्षाने आणि मग ऑफिसच्या जीपने, मी त्या पाटीसमोरच्याच रस्त्याने घरी यायचे. ड्रायव्हर नवा असला की विचारायचा, "म्याडम, इकडून काऊन?" मी म्हणायचे, तिकडे गर्दी असते. तो रस्ता जवळचा नव्हता, बाबा. चांगला लांबचा होता. त्या दिवशी पाटी उतरल्यावर मी ऑटोत बसले आणि ऑटोवाल्याने विचारलं, कुठून घेऊ. मी म्हटलं, जवळच्या रस्त्याने घे.